चित्रातल्या खोलीत उजेड खोटा का वाटतो?

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर उभ्या राहू घातलेल्या एखाद्या गृहसंकुलाचे माहितीपत्रक चाळताना दिवाणखान्याच्या चित्रापाशी नजर अडखळते. सोफ्याच्या विणीतला धागा न धागा त्यात दिसतो, फरशीच्या शिरा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट असतात, खिडकीबाहेरचे झाडही पानागणिक रेखलेले असते, आणि तरीसुद्धा या खोलीत कोणी कधी बसणार नाही अशी खात्री पाहताक्षणी पटते. ज्याने चित्रकलेचा एकही धडा घेतलेला नाही अशा गृहस्थालाही हे कळते. मात्र दोष नेमका कशात आहे असे विचारले तर त्याला बोट ठेवून दाखविता येत नाही. मापे बरोबर आहेत, रंग बरोबर आहेत, सामानसुमान यथास्थित आहे, मग बिघडले कोठे? बहुतेक वेळा ते उजेडात बिघडलेले असते.

वास्तू बांधून होण्यापूर्वीच तिचे हुबेहूब चित्र संगणकाकडून काढून घेण्याच्या या विद्येला व्यवसायात ‘रेंडरिंग’ म्हणतात. ब्लेंडर, व्ही-रे, कोरोना, ल्युमियन, एनस्केप अशी तिची अनेक साधने आज प्रचारात आहेत आणि वास्तुशिल्पज्ञांच्या कार्यालयांतून ती रोज राबत असतात. या साधनांवर काम करणाऱ्या बहुसंख्य तरुणांची एक सवय असते, ती अशी की खोली अंधारी दिसली की छताखाली एक अदृश्य दिवा टांगायचा, कोपरा काळवंडला की तेथे दुसरा, आणि अखेर खोली उजळते पण निर्जीव होते. माझे स्पष्ट मत असे आहे की हा उपाय रोगाहून वाईट आहे. कारण खोलीतला उजेड दिव्यांनी जेवढा घडविलेला असतो त्याहून पुष्कळ अधिक तो भिंतींनी, छताने आणि जमिनीने घडविलेला असतो, आणि त्यांच्याकडचा हिशेब चुकला असेल तर दिवे वाढवून तो जुळत नाही.

एका किरणाचा पुढचा प्रवास

खिडकीतून आलेले ऊन फरशीवर पडते, तेथे ते संपत नाही. फरशी त्यातला काही भाग गिळते आणि उरलेला सर्व दिशांना उधळून परत देते. तो छताला पोहोचतो, छत त्यातला थोडा ठेवून घेऊन उरलेला भिंतीकडे धाडते, भिंत पुन्हा तेच करते, आणि ही देवघेव उजेड क्षीण होऊन विरून जाईपर्यंत चालू राहते. प्रत्येक परतीला या व्यवसायातली माणसे ‘बाउन्स’ म्हणतात. पलंगाखाली ऊन कधीही शिरत नाही, तरी दिवसा तेथे पडलेली चप्पल दिसते, ती या परतीच्या उजेडामुळेच.

या देवघेवीचे गणित सराफ्यातल्या एका रुपयावरून चांगले समजते. समजा, बाजारात एक रुपया आला आणि ज्याच्या हाती तो पडला त्या प्रत्येक दुकानदाराने वीस पैसे गल्ल्यात टाकून बाकीचे शेजाऱ्याला दिले. पहिल्याच्या हातून १ रुपया गेला, दुसऱ्याच्या हातून ८० पैसे, तिसऱ्याच्या हातून ६४ पैसे. ही बेरीज शेवटपर्यंत करीत गेले तर एका रुपयाने बाजारात एकूण ५ रुपयांची उलाढाल केलेली आढळेल. दुकानदार उदार असून त्यांनी दहाच पैसे ठेवले, तर उलाढाल १० रुपयांची होईल. निम्मा रुपया ठेवणारे असतील, तर केवळ दोनाची. ज्या खोलीचे सर्व पृष्ठभाग शेकडा ८० उजेड परत देतात, त्या खोलीत खिडकीतून आलेला उजेड सर्व पृष्ठभागांवर मिळून पाचपट पडतो. त्यांपैकी एक हिस्सा प्रत्यक्ष उजेडाचा आणि चार हिस्से परतीच्या उजेडाचे.

आरंभीच्या काळातल्या संगणकचित्रांत हे चार हिस्से मोजलेच जात नसत. वस्तूवर थेट पडणारा उजेड तेवढा हिशेबात धरायचा आणि बाकीच्या सर्वाची भरपाई म्हणून चित्रभर एकसारखी फिकट झळाळी मिसळायची, अशी तडजोड असे. १९८४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी पृष्ठभागांमधल्या या परस्पर देवघेवीची समीकरणे मांडून एका रंगीत भिंतींच्या पेटीचे चित्र काढले. लाल भिंतीचा रंग शेजारच्या पांढऱ्या पृष्ठभागावर हलकेच उतरलेला त्यात दिसत होता. १९८६ साली जेम्स काजिया यांनी सर्व प्रकारच्या परावर्तनांना कवेत घेणारे एकच व्यापक समीकरण प्रसिद्ध केले, आणि किरणांचे मार्ग यदृच्छेने निवडून ते सोडविण्याची रीतही दाखविली. त्याच वर्षी कॉर्नेलच्या मंडळींनी एक खरी पेटी आणि तिचे संगणकचित्र शेजारी शेजारी दाखवून खरी कोणती हे प्रेक्षकांना विचारले, तेव्हा त्यांची उत्तरे निव्वळ अंदाजाहून सरस ठरली नाहीत. शास्त्राच्या बाजूने प्रश्न त्या वेळीच बव्हंशी सुटला होता. आज जे चुकते ते आपण संगणकाला पुरविलेल्या तपशिलांत.

राजवाड्याचे लाकूड आणि सदनिकेची भिंत

होळकरांच्या राजवाड्याच्या सात मजली दर्शनी भागात खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे आहेत. जुने, काळवंडलेले लाकूड शेकडा २०च्या आसपास उजेड परत देते. वरचे गणित येथे लावले तर अशा दालनातला एकूण उजेड प्रत्यक्ष उजेडाच्या जेमतेम सव्वापट भरतो. म्हणजे लाकडी वाड्यात खिडकीचा उजेड जेथे पडतो तेथेच राहतो, दोन पावले बाजूला सरले की गडद छाया, आणि कोरीव कामाच्या खाचा काळ्याभोर. त्या वास्तूंचे सारे गांभीर्य या कंजूष परतीतून आलेले असते. याउलट नव्या सदनिकेत पांढरे छत, पांढऱ्या भिंती आणि चकचकीत फिकट फरशी यांमुळे तेवढ्याच खिडकीतून आलेला उजेड कोपऱ्याकोपऱ्यांत पोहोचतो आणि सावल्यांच्या कडा मऊ होतात.

चित्रकाराने दोन्ही ठिकाणी एकसारखी झळाळी मिसळली तर वाड्याचे गांभीर्य नष्ट होते आणि सदनिकेचा मोकळेपणाही खरा वाटत नाही. डोळ्याला हे आकडे ठाऊक नसतात. परंतु जन्मापासून असंख्य खोल्या पाहून कोणत्या रंगाच्या भिंतीपाशी किती अंधार असायला हवा याचा एक अचूक अजमास त्याने बांधलेला असतो.

पांढरा म्हणजे किती पांढरा

अनुभवी माणसांकडूनही होणारी सर्वांत महाग चूक भिंतीच्या रंगात असते. संगणकावर पांढऱ्या रंगाचा अंक २५५. भिंत पांढरी म्हणून चित्रकार तिला २५५ देऊन मोकळा होतो. याचा अर्थ, ही भिंत पडलेला सर्वच्या सर्व उजेड परत देते. असा चुना किंवा असे इमल्शन पृथ्वीवर कोठेही मिळत नाही. सराफ्यातल्या कोणीच काही ठेवून घेतले नाही तर उलाढालीला अंत राहणार नाही. तसाच या खोलीतला उजेड खिडकीवाटे बाहेर पडेपर्यंत भटकत राहतो, छायांचा भेद पुसला जातो, आणि संगणकाचाही वेळ व्यर्थ खर्ची पडतो. चित्र दुधात बुडविल्यासारखे फिके दिसते ते याच कारणाने.

आणखी एक गुंतागुंत येथे ध्यानात ठेवायला हवी. संगणकाचे ० ते २५५ हे अंक उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. डोळा अंधाऱ्या छटांतले भेद अधिक बारकाईने टिपतो म्हणून पडद्यासाठीची अंकमाला मुद्दाम वाकविलेली असते; १२८ हा अंक निम्म्या उजेडाचा वाटतो, पण तो प्रत्यक्षात शेकडा २२ उजेडाचा आहे. निम्म्या उजेडाचा अंक १८८. आजचे सॉफ्टवेअर हे रूपांतर रंगांच्या बाबतीत स्वतःच करते. मात्र पृष्ठभाग कोठे खडबडीत आणि कोठे गुळगुळीत हे सांगणारा राखाडी नकाशा जोडताना तो रंग नसून नुसती आकडेवारी आहे असे त्याला बजावावे लागते. ते राहिले की फरशीची चकाकी बिघडते आणि चित्रकार दोष दिव्याला देत बसतो.

चौकट: भिंतीला कोणता अंक द्यावा?
ताजे पांढरे इमल्शन शेकडा ८०च्या सुमारास उजेड परत देते. त्यासाठी अंक २३१.
मध्यम राखाडी, निम्मा उजेड परत देणारी: अंक १८८.
कोटा फरशीसारखा करडा दगड, सुमारे शेकडा ३०: अंक १४९.
जुने सागवान, सुमारे शेकडा २०: अंक १२४.
हे अंक उजेडाचे प्रमाण सांगतात. रंगाची छटा त्याभोवती बेतावी.

काच मंदिरातली चौथी परत

संगणकाने परती किती मोजाव्यात यालाही मर्यादा घातलेली असते, नाहीतर काम संपायचेच नाही. ब्लेंडरच्या सायकल्स या यंत्रणेत विखुरलेल्या उजेडाच्या चार आणि आरशासारख्या उजेडाच्या चार परती आधीच मुक्रर करून ठेवलेल्या असतात. मिश्र रंगांच्या सामान्य खोलीत, जेथे सरासरी परत शेकडा ५५ च्या घरात असते, तेथे चार परतींत शेकडा ९५ उजेड पदरात पडतो. तक्रारीला जागा नाही. परंतु सर्वत्र पांढऱ्या खोलीत त्याच चार परतींत दोन-तृतीयांशच उजेड जमेस धरला जातो आणि उरलेला तिसरा हिस्सा मुकाट्याने गहाळ होतो. खोली विनाकारण मळकट दिसते, आणि येथेच तो अदृश्य दिवा टांगण्याचा मोह होतो. परतींची संख्या आठ-दहावर नेणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

आरशांच्या बाबतीत या मर्यादेची कसोटी पाहायची असेल तर राजवाड्यापासून जवळच असलेल्या इतवारिया बाजारातल्या काच मंदिरात जावे. सर सेठ हुकुमचंद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधविलेल्या या जैन मंदिराचे अंतरंग भिंती, खांब, छत आणि जमीन यांसह काचेने मढविलेले आहे. समोरासमोरच्या आरशांत तीर्थंकरांच्या मूर्तींची प्रतिबिंबे एकामागून एक दूरवर जात राहतात. हे मंदिर कोणी संगणकात उभारले आणि परतींची मर्यादा चारच ठेवली, तर चौथ्या प्रतिबिंबाच्या पलीकडे आरसा एकाएकी काळा होईल. खऱ्या आरशात प्रतिबिंबे अशी तुटत नाहीत. चांगला आरसा शेकडा ९० उजेड परत देतो असे धरले तर दहाव्या प्रतिबिंबापर्यंत तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक उजेड शिल्लक असतो, आणि साध्या काचेत लोहाचा अंश असल्यामुळे प्रत्येक फेरीगणिक प्रतिबिंबावर हिरवट झाक चढत जाते. दूरच्या मूर्ती मंद आणि हिरवट होत होत दिसेनाशा व्हाव्यात, हे साधायचे तर काचेला हा किंचित हिरवेपणा द्यावा लागतो. शुद्ध रुपेरी आरसा वापरून ते साधणार नाही.

इंदूरचे ऊन

सॉफ्टवेअरमध्ये सूर्य कोठेही ठेवता येतो, आणि म्हणूनच तो बहुधा चुकीच्या ठिकाणी ठेवला जातो. इंदूर सुमारे २२ अंश ४३ कला उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या अगदी लगत दक्षिणेस आहे. २१ जूनच्या मध्यान्ही येथे सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्या वेळी साध्या छज्ज्याखालच्या दक्षिणेकडील खिडकीतून उन्हाची तिरीपही आत येऊ शकत नाही. २२ डिसेंबरला तोच सूर्य मध्यान्ही क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांवर असतो, आणि २.१ मीटर उंचीच्या बिनछज्ज्याच्या खिडकीतून ऊन खोलीत २ मीटरहून अधिक आत पोहोचते. डिसेंबरात उत्तरेच्या खिडकीतून सोनेरी ऊन आलेले जेथे दिसेल, ते चित्र इंदूरच्या घराचे नाही असे खुशाल समजावे. घड्याळाचीही खबरदारी घ्यावी; आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची असल्याने इंदूरचा मध्यान्ह साडेबाराच्या आसपास होतो, बाराला नव्हे.

सूर्याला आकार असतो हेही विसरले जाते. आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे ३ मीटर दूर असलेल्या गजाची सावली फरशीवर पडते तेव्हा तिची कड तीनेक सेंटिमीटर विरळ होत जाते. चित्रात गजांच्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या दिसत असतील तर सूर्य बिंदुवत धरला गेला आहे. खिडकीची काच ठोस ठोकळा म्हणून रचली असेल तर काही यंत्रणा तिलाच अडसर समजून ऊन बाहेरच अडवितात. तेथे पातळ, सावली न पाडणारी काच निवडावी. भिंतींना जाडी दिलेली नसेल तर कोपऱ्यांतून उजेड झिरपतो, तेव्हा विटेची जाडी चित्रातही द्यावी.

वॅट कोणाचे?

दिव्यांच्या बाबतीत एका शब्दाने फार घोटाळा केला आहे. दुकानातल्या ९ वॅटच्या एलईडी दिव्यावरचा आकडा तो वीज किती खातो हे सांगतो. प्रत्यक्ष उजेडाच्या रूपाने त्यातून सुमारे ३ वॅटच बाहेर पडतात, आणि मनुष्याच्या डोळ्याच्या मापाने तो उजेड ८०० ल्युमेनच्या आसपास भरतो. ब्लेंडरमध्ये दिव्याला जे वॅट द्यायचे ते या बाहेर पडणाऱ्या उजेडाचे. तेथे जुन्या पिवळ्या दिव्याचे ६० वॅट लिहिले तर दिवा सुमारे वीसपट प्रखर होतो, आणि मग त्याला दडपण्यासाठी सगळे चित्र काळे करावे लागते. जेथे ल्युमेनमध्ये आकडा देण्याची सोय आहे तेथे तीच पत्करावी. त्याचबरोबर रेखाटन मिलिमीटरमध्ये असून सॉफ्टवेअरने ते मीटर समजून घेतले नाही ना, हे पाहावे. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, मग हजारपट खोलीत खऱ्या दिव्याचा टिकाव कसा लागावा?

एवढे करूनही खिडकी पांढरीफटक आणि खोली अंधारी दिसण्याचा संभव असतो, आणि ही चूक नसते. भर उन्हात बाहेर सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. आत २०० लक्स असले तरी वाचता येते. या पाचशेपटीच्या अंतराशी डोळा क्षणोक्षणी जुळवून घेतो, कॅमेऱ्याला एकच एक्स्पोजर निवडावे लागते. येथे दिवा न वाढविता खोलीच्या मानाने एक्स्पोजर उघडावे आणि प्रखर भाग हळुवारपणे दाबून घेणारे रूपांतर लावावे. ब्लेंडरमध्ये २०१७ पासून फिल्मिक आणि २०२३ पासून एजीएक्स ही त्यासाठीच आहेत.

माणिकबागेचे सामान

इतका खटाटोप कशासाठी, असे वाटणाऱ्याने इंदूरच्याच माणिकबाग महालाचा विचार करावा. दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून हा महाल सजवून घेतला. लुई सोन्यो आणि शार्लोत अलिक्स यांनी घडविलेले धातूचे आणि काचेचे पलंग, खुर्चीतच वाचनाचे दिवे बसविलेल्या तांबड्या खुर्च्या, रुलमन आणि आयलीन ग्रे यांचे सामान, ब्रांकुशीची ‘पक्षी’ ही झळाळती शिल्पे असा तो संग्रह होता, आणि आधुनिक गृहसजावटीचा असा एकसंध नमुना त्या काळी युरोपातही दुर्मीळ होता. पुढे १९८० साली मोनाकोत झालेल्या लिलावात त्यातले पुष्कळसे सामान जगभर पांगले. वास्तूत आता केंद्र सरकारच्या कर खात्याचे दप्तर आहे. ते सामान त्या खोल्यांत पुन्हा एकत्र पाहण्याचा एकच मार्ग आज खुला आहे, आणि तो संगणकचित्राचा. हे काम कोणीतरी इंदूरकराने मन लावून करावे अशी माझी तीव्र इच्छा आहे.

त्यात अडचण धातूची येईल. घासून लख्ख केलेल्या धातूला स्वतःचे असे रूप फारसे नसते. भोवताली जे असेल ते तो दाखवितो. आणि चित्रकार बहुधा कॅमेऱ्यासमोरच्या तीनच भिंती उभारतो, पाठीमागचा भाग रिकामा सोडतो. त्या पोकळीचे प्रतिबिंब पडून धातू कोळशासारखा काळा दिसतो, किंवा तेथून आकाशाचा उजेड लोटल्यामुळे परतींचा सारा हिशेब कोसळतो. म्हणून चौथी भिंत, तिचे दार, दारापलीकडच्या ओवरीचा एखादा तुकडा हे सर्व चित्रात दिसणार नसले तरी रचावे.

कामाचा क्रम असा ठेवावा. खोली चारी बाजूंनी पुरी झाली की प्रथम सर्व पृष्ठभागांना १८८ अंकाचा एकच राखाडी रंग द्यावा आणि टांगलेले सर्व अदृश्य दिवे काढून टाकावेत. त्या राखाडी खोलीत केवळ सूर्य, आकाश आणि एक्स्पोजर जुळवावे. मग आकाराने सर्वांत मोठे पृष्ठभाग, म्हणजे छत, भिंती आणि फरशी, एकेक करून खऱ्या रंगात आणावेत आणि प्रत्येक वेळी चित्र पुन्हा काढून उजेड किती बदलला ते पाहावे. चित्रावर वाळूसारखे दाणे दिसतील. किरणांची संख्या चौपट केली की ते निम्म्यावर येतात. दाणे पुसणारा डिनॉइझर अगदी शेवटी आणि बेताने वापरावा, कारण घाईत लावला तर तो दाण्यांबरोबर संगमरवराच्या शिराही पुसून टाकतो.